पहिल्या उशीचा आवाज

एकोणतीस वर्षं मी माझ्या नवऱ्याशी खोटं बोलत आले आणि एकदाही पकडली गेले नाही. आता पकडली जाणार हे मला कळलं ते अमरावतीत, राजापेठेतल्या एका दुकानात. आम्ही बेडरूमसाठी स्वस्तातलं होम थिएटर घ्यायला गेलो होतो.

खोटं कसलं ते आधी सांगते. पद्माकरांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला. पहिल्यांदा अंधारात दिसेनासं झालं, मग बाजूचं गेलं, मग नळीतून पाहावं तसं फक्त समोरचं उरलं, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तेही संपलं. आमची मैथिली तेव्हा सहा वर्षांची होती. या माणसाला सिनेमाचं भारी वेड. डोळे गेल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर ते सवयीनं पलंगावर टेकून बसले आणि मी टीव्ही लावला. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. ते मला बघवेना, म्हणून मी सांगायला लागले, "ती दार उघडतेय. दारात सासरा उभा आहे. तिच्या हातातलं ताट हललं."

तेव्हापासून दर शनिवारी मी सिनेमा सांगत आले. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. दोन संवादांच्या मधल्या फटीत सगळं बसवावं लागतं. पात्र बोलायला लागलं की आपण गप्प बसायचं. रंग सांगायचे, पण फार नाही. कोणी कोणाकडे पाहिलं, हे मात्र कधीच सोडायचं नाही. मी त्यात इतकी तरबेज झाले होते की सांगताना यांचा चेहरा पडद्यावरच्या माणसाबरोबर हलायचा.

पहिलं खोटं पहिल्याच महिन्यात बोलले. सिनेमातलं लहान पोर तापानं जातं. यांचे डोळे जाऊन तीन आठवडे झालेले, त्यात हे कुठे सांगू? मी पोराला वाचवलं. "पोरानं डोळे उघडले," मी म्हटलं.

"मग ही बासरी काहून रडून राहिली?" यांनी विचारलं.

"आनंदानं," मी म्हटलं.

त्यानंतर मी पुष्कळांना वाचवलं. विहिरीत पडलेले, गोळी लागलेले, आगीत सापडलेले. माझ्या हातून फारसं कोणी मेलंच नाही.

सिनेमात खोटं बोलण्यानं कोणाचं वाईट होत नाही, असं मी स्वतःला सांगत असे. पण जीभ एकदा सैल झाली की ती सिनेमापाशी थांबत नाही. यांनी मैथिलीला शेवटचं पाहिलं ते दोन वेण्या घातलेली. पुढची सगळी मैथिली मी यांच्या डोक्यात वाढवली. तिचे दात, तिची उंची, तिचा लग्नातला शालू. आणि या दोन वर्षांत जे सांगत होते ते तर सगळंच बनावट होतं.

मैथिली ऑकलंडला असते. तिचा नवरा कौस्तुभ. हा मुलगा पद्माकरांनी निवडला होता, आवाजावरून. यांनी बावीस वर्षं सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली. आवाजावरून माणूस ओळखतो, याचा त्यांना फार अभिमान. खोटं बोलणाऱ्याचा आवाज वाक्याच्या शेवटी पातळ होतो, असं ते म्हणायचे. कौस्तुभ अर्धा तास बोलून गेला तेव्हा मैथिली घुटमळत होती. हेच म्हणाले, "स्वच्छ आवाज आहे पोराचा. डोळे मिटून हो म्हण." तिनं हो म्हटलं. सात वर्षांनी तो घर सोडून गेला, दुसऱ्या बाईकडे. मैथिली फोनवर मला म्हणाली, "बाबांना सांगू नको आई. ते स्वतःला खातील." मी नाही सांगितलं. दर रविवारी सकाळी दहाला तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि हे विचारायचे, "कशी दिसतेय गं?" मी म्हणायचे, "छान. गालांवर मांस आलंय. कौस्तुभ आत्ताच मागून गेला, हात केला त्यानं."

माझा आवाज कधी पातळ झाला नाही. कारण सांगताना मला ते सगळं खरंच दिसायचं.

मग २०३९च्या उन्हाळ्यात माझ्या घशानं दगा दिला. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं की गरजेपुरतंच बोला, नाहीतर आवाज कायमचा बसेल. पद्माकरांना ते मनाला लागलं. "माझ्यापायी बोलून बोलून घसा फाडला तू," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन दुकानात आले.

दुकानदार धोटे म्हणजे पद्माकरांच्या ओळखीचे, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी आधी खोलीचं माप विचारलं.

"दहा बाय बारा," मी सांगितलं. "पलंग भिंतीला लागून, दोन कपाटं."

"मग हा पाच डब्यांचा सेट घेऊच नका ताई. लहान खोलीत जाड आवाज कोपऱ्यात साचते. भिंत घुमते आणि शब्द कळत नाही. लोक मोठा डबा पाहून भुलतात अन् मग महिन्याभरात परत आणतात." त्यांनी दोन वस्तू समोर ठेवल्या. एक साध्या दोन स्पीकरची जोडी. दुसरा हातभर लांबीचा साउंडबार, अकरा हजाराचा, त्यांच्या दुकानातला सगळ्यात स्वस्त. "हा दोन उशांवर दोन वेगळे आवाज देते," ते म्हणाले.

"ते कसं काय बाप्पा?" पद्माकरांनी विचारलं.

धोट्यांनी फार छान समजावलं, तेच सांगते. आवाज म्हणजे हवेतली लाट. हौदात दोन खडे टाकले तर दोन्हीकडून लाटा येतात. जिथे उंचवटा उंचवट्याला भेटतो तिथे पाणी दुप्पट उसळतं, आणि जिथे उंचवटा खळग्याला भेटतो तिथे पाणी सपाट राहतं. बारमध्ये चोवीस बारीक स्पीकर असतात. प्रत्येकाचा आवाज केसभर मागेपुढे सोडला की एका उशीवर लाटा एकमेकींना धरतात आणि शेजारच्या उशीवर एकमेकींना पुसून टाकतात. त्यासाठी यंत्राला खोली माहीत असावी लागते. म्हणून ते आधी पाखरासारखं चिवचिव करतं आणि भिंतीवरून, कपाटावरून, गादीवरून परत आलेला आवाज मोजतं. हे सगळं पूर्वी लाखाच्या यंत्रांत होतं, आता चिप स्वस्त झाल्या.

"आणि काकांसाठी मुख्य गोष्ट," धोटे म्हणाले, "यात चित्रवाचक आहे. पडद्यावर जे दिसते ते मराठीत सांगते, फक्त यांच्या उशीवर. तुम्हाला त्याचा त्रास नाही. तुम्ही निवांत झोपा."

मी पटकन साध्या स्पीकरच्या जोडीवर हात ठेवला.

"मला हे साधे दोनच बरे वाटतात," मी म्हटलं. "आवाज गोड आहे या जोडीचा. नाहीतर चित्रवाचक नसलेला बार दाखवा."

"तसा येतच नाही ताई. दोन वर्षांपूर्वी नियम झाला न. टीव्हीला जोडायच्या प्रत्येक यंत्रात चित्रवाचक पाहिजेच, कितीही स्वस्त असो. अंध लोकांनीच भांडून घेतला तो नियम."

"बरोबरच केलं," पद्माकर म्हणाले. "बारच द्या." आणि माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुझ्या घशासाठी घेऊन राहिलो न ज्योत्स्ना. तू अशी का थरथरतेस?"

मी म्हटलं, एसी फार आहे.

घरी माणूस येऊन बार बसवून गेला. यंत्रानं आम्हाला आपापल्या उशीवर डोकं ठेवायला सांगितलं, चिवचिव केली आणि जाहीर केलं की भिंतीकडची उशी क्रमांक एक आणि दाराकडची क्रमांक दोन. एक यांची, दोन माझी. पलंग तोच, मध्ये वीतभर अंतर, आणि त्या वीतभरात यांच्या कानाशी बोललेला शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हता.

पहिल्या शनिवारी यांनी मुद्दाम आमचा आवडता जुना सिनेमा लावायला सांगितला, नावाड्याचा. मी गप्प पडून होते. माझ्या उशीवर नुसते संवाद आणि संगीत. यांच्या चेहऱ्यावर मात्र कोणीतरी काहीतरी सांगत असल्याच्या खुणा उमटत होत्या. इतकी वर्षं मी त्या खुणा उमटवत होते, आणि आता मला त्यांचा अर्थ लागत नव्हता. खरं सांगते, मला त्या यंत्राचा हेवा वाटला.

सिनेमा संपला.

"अगं, तो तर बुडाला," हे म्हणाले. "तू त्याला काठावर आणलं होतं. ओल्या सदऱ्यात. बायको टॉवेल घेऊन धावत आली होती."

"तेव्हा तुमची तब्येत बरी नव्हती," मी म्हटलं.

ते हसले, अगदी मनापासून. मलाही हायसं वाटून हसू आलं. मग हसता हसताच त्यांनी विचारलं, "आणखी कोणाकोणाला वाचवलं तू?"

मी खोकत पाणी प्यायला उठले. घशाचं निमित्त होतंच.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी नऊपासूनच म्हणायला लागले की कॉल माझ्या फोनवर घेऊ, बैठकीत बसू, तिथे वारं येतं. "इतके पैसे घातले ते कशाला?" हे म्हणाले. "मैथूचा आवाज नीट ऐकू दे मला." कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला कळत होतं, तरी मी झाकत होते.

दहाला मैथिली पडद्यावर आली. हे उशीला टेकून बसले होते. बोलणं नेहमीचंच झालं, तिथली थंडी, इथला उन्हाळा. मी सारखी यांच्या तोंडाकडे पाहत होते. ते तोंड जराही हललं नाही.

"कशी दिसतेय गं?" यांनी विचारलं.

मला कळेना काय करावं. यंत्र काय बोललं असेल? त्याला कॉलमधलं कळतं की फक्त सिनेमातलं? "छान," मी म्हटलं. "हिरवा कुर्ता घातलाय."

"आणि कौस्तुभ?"

"मागून गेला आत्ताच."

"बरं," ते म्हणाले आणि पडद्याकडे तोंड करून बोलले, "मैथू, जावईबापूंना म्हणावं, पुरणपोळ्या पाठवतो." तिकडून ती म्हणाली, "हो बाबा, सांगते."

असे पाच रविवार गेले. दर रविवारी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. ते काहीच बोलत नव्हते, म्हणून यंत्राला कॉल वाचता येत नसेल अशी मी मनाची समजूत घातली. पण यांचं जेवण कमी झालं होतं. सिनेमा लावायचं नाव काढत नव्हते. माझ्याशी गोड बोलायचे, पाहुण्याशी बोलावं तसं. एकदा मी वाटीत वाढलेल्या भाजीचं नाव सांगितलं तर त्यांनी आधी वास घेऊन खात्री केली. एकोणतीस वर्षांत या माणसानं मी वाढलेलं कधी हुंगलं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, ते आंघोळीला गेले असताना मी यांच्या उशीवर डोकं ठेवलं आणि रिमोट हातात घेतला. जपून ठेवलेल्या कॉलची यादी निघाली. पाचही रविवार तिथे होते. पहिला कॉल चौदा वेळा ऐकलेला होता. मी तो लावला.

बाईचा आवाज होता, शांत, रेल्वेच्या सूचनेसारखा. "एक स्त्री, वय अंदाजे पंचेचाळीस. केस बरेच पांढरे, मोकळे. राखाडी स्वेटर. डोळ्यांखाली काळे. मागे रिकामी भिंत. भिंतीवर फ्रेम काढल्याची चौकोनी खूण. टेबलावर एक ताट, एक पेला. खोलीत दुसरी व्यक्ती नाही."

माझी पोर पस्तिशीची आहे.

मी दर रविवारी तिला पाहत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. मी पडद्याकडे पाहून जे सांगायचं तेच बघत होते. भिंतीवरची खूण माझ्या कधीच लक्षात आली नव्हती. पुढे माझाच आवाज आला, "मागून गेला आत्ताच." आणि त्याच्या पाठोपाठ त्या बाईचा, "खोलीत दुसरी व्यक्ती नाही."

"बंद कर," दारातून पद्माकर म्हणाले. कमरेला पंचा, अंगावरून पाणी निथळत होतं. तिथवर त्या बाईचा आवाज पोचत नसणार, पण कॉलमधला माझा पोचला असेल.

मी बंद केलं आणि उठून बसले. "बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तू सांगशील म्हणून थांबलो. दर रविवारी म्हटलं, आज सांगेल." ते पलंगाच्या कडेवर बसले. "किती दिवस झाले त्याला जाऊन?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "दोन वर्षं माझी पोरगी एका ताटात एकटी जेवून राहिली, आणि मी तिला जावयाच्या पुरणपोळ्यांचं विचारून राहिलो! तिनं काय ऐकलं असेल गं दर रविवारी? बापाला काही पडलीच नाही, असंच न?"

"तुम्ही निवडलेला म्हणून..."

"हो, मीच निवडला! माझीच चूक आहे. मग माझी चूक मला दे न! तू काहून ठेवून घेतली?" त्यांना इतकं रागावलेलं मी डोळे गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. "डोळे गेले तेव्हा मी आंधळा झालो नव्हतो ज्योत्स्ना. तू होती. या दोन वर्षांत झालो मी आंधळा."

मला रडू फुटलं. मी सगळं कबूल केलं, सिनेमातली माणसं, शालूचा रंग, सगळं. तो शालू लाल नव्हताच, मैथिलीनं हट्टानं निळा घेतला होता, आणि यांना लाल आवडतो म्हणून मी लाल सांगितला होता. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "निळा," आणि बराच वेळ तेवढंच पुटपुटत राहिले. मी टॉवेल आणून त्यांची पाठ पुसली. त्यांनी पुसू दिली, पण माझा हात धरला नाही.

रविवार उजाडला. दहाला पाच मिनिटं असताना ते म्हणाले, "चित्रवाचक बंद कर."

"कशाला? ती खरं सांगते."

"ती बाई मैथूला ओळखत नाही. तू सांग. घसा दुखला तरी सांग."

मी बंद केलं. मैथिली आली, त्याच राखाडी स्वेटरमध्ये. "बाबा, कसे आहात?" तिनं सुरुवात केली.

"थांब मैथू. आज आई मला सांगणार आहे तू कशी दिसतेस ते. तूपण ऐक."

मैथिलीनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार हे तिला कळलं असावं, कारण तिनं मान किंचित हलवली, नको म्हणून. पद्माकर वाट बघत होते. माझा घसा खरवडल्यासारखा झाला होता, पण मी बोलले.

"केस पांढरे झालेत. कपाळावरचे तर सगळेच. विंचरलेले नाहीत."

"पुढे."

"गाल बसलेत. गळ्याजवळची हाडं दिसताहेत. डोळे झोप नसल्यासारखे. मंगळसूत्र नाही." मला थांबावंसं वाटलं, पण थांबले नाही. "मागे भिंत आहे, तिथे त्यांचा लग्नातला फोटो होता, त्याची खूण आहे. मागून कोणी गेलं नाही. दोन वर्षांत कधीच कोणी गेलं नाही. मी खोटं सांगत होते."

मैथिली हलली नाही. स्टुडिओत फोटो काढताना बसतात तशी ती समोर बघत बसली होती.

"मैथू," पद्माकर म्हणाले, "मी सांगितलं म्हणून तू हो म्हटलं होतं. माझं चुकलं. बापाला सांगायची सोय ठेवली नाही मी, हेही चुकलं. तू घरी ये. महिनाभर ये, वर्षभर ये, नाहीतर आम्ही येतो."

तिचे ओठ हलले, पण ती त्यांच्याशी बोलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, खरंच इतकी वाईट दिसते का गं मी?"

छे गं वेडे, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांची सवय. मी ते गिळलं.

"हो," मी म्हटलं. "दिसतेस."

मग बार गप्प झाला. दोन्ही उशांवर काहीच आवाज येईना. पद्माकरांनी मान पुढे केली, डावा कान पडद्याकडे वळवला, पलंगावर चाचपत माझं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"काय झालं? लाइन गेली का?"

"नाही, आहे," मी म्हटलं. "रडतेय ती. तोंडावर हात दाबून रडतेय."